साहेबाने दिलेला कोच

आमच्या घरात एक कोच होता. सोलापुरात त्या काळी कारकुनाच्या घरात कोच असणं ही मोठी गोष्ट होती, आणि गल्लीतले लोक तो बघायला यायचे. मला मात्र पहिल्या दिवसापासून त्याचा राग होता. आता इतकी वर्षं झाली, बोलायला कुणाची भीती उरलेली नाही, म्हणून तो राग कसला होता ते एकदा नीट सांगते.

आमचे हे गिरणीच्या कचेरीत कारकून होते. चौदा वर्षं नोकरी झालेली. इंग्रजी पत्रं लिहिण्यात त्यांचा हात धरणारं कचेरीत दुसरं कुणी नाही, असं सगळेच म्हणायचे. त्या वर्षी जुने हेडक्लार्क निवृत्त व्हायचे होते, आणि ती जागा यांनाच मिळणार हे आम्ही घरात धरून चाललो होतो. यांनी अर्ज लिहिला, तो चार वेळा फाडून पुन्हा लिहिला, आणि शेवटचा मला वाचून दाखवला. मला इंग्रजी येत नव्हतं. एकेक ओळ वाचून तिचा अर्थ ते मराठीत सांगत होते, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मलाही वाटलं, असा अर्ज वाचून कोण नाही म्हणेल?

गिरणीचा गोरा साहेब त्याच सुमाराला कायमचा विलायतेला चालला होता. जाण्याआधी नेमणूक करून जाणार, असं यांनी सांगितलं होतं.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस असायची. वैशाखातल्या एका शनिवारी मी भाकरी थापत होते. दारात बैलगाडी थांबल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ यांचा आवाज, "जपून. भिंतीला लागू देऊ नका." पिठाच्या हातानं तशीच बाहेर आले. गाडीत तीन माणसं ऐसपैस बसतील एवढा मोठा कोच आडवा पडला होता. काळपट लाल मखमल, कडेनं पितळी चुका, खाली सिंहाच्या पंजासारखे पाय. चार हमाल त्याला खाली घेत होते, आणि हे अंगात काळा कोट, डोक्याला टोपी, घामानं भिजलेले, गाडीभोवती फिरत होते.

कोच दारातून आत जाईना. आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला. शेवटी दाराची फळी बिजागरीतून काढली तेव्हा तो कसाबसा आत शिरला, आणि शिरताना चौकटीचा एक टवका उडवून गेला. पुढच्या खोलीतल्या एकुलत्या एका खिडकीखाली तो ठेवला. खोलीची ती बाजू त्यानं भरून टाकली.

हमाल गेल्यावर मी विचारलं, हे काय आहे?

"साहेबांनी दिला," हे म्हणाले. "स्वतः व्हरांड्यात उभं राहून म्हणाले, हा तुझ्यासाठी."

मी जागेचं विचारलं. हे मोरीवर पाय धुवायला गेले. तांब्यानं पाणी ओतता ओतता, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं, की जागा दुसऱ्याला मिळाली. पाच वर्षं मागून आलेल्या एका कारकुनाला. त्याची साहेबाच्या बंगल्यावर ये-जा जास्त होती. मग पाय पुसत म्हणाले, "पण साहेब मला विसरले नाहीत. सबंध कचेरीत वस्तू दिली ती मला एकट्याला."

मी स्वयंपाकघरात परत आले. तव्यावरची भाकरी करपून गेली होती. चौदा वर्षं, चार वेळा लिहिलेला अर्ज, आणि हातात काय आलं तर साहेबाच्या व्हरांड्यातलं जुनं सामान. ज्याच्या हक्काचं काढून घेतलं त्यालाच वर आभार मानायला लावायचं. आणि हे आभार मानूनही आले होते. साहेबावरचा माझा राग मी समजू शकत होते, तो परका माणूस, उद्या बोटीत बसणार. यांच्यावरचा राग कुठं ठेवायचा हे मला कळेना.

आमचं घर धाब्याचं. पुढची खोली, मधे माजघर, मागं स्वयंपाकघर. माजघराला खिडकी नाही, छपराला वीतभर झरोका तेवढा होता. घरात सासूबाई, आम्ही दोघं, माझ्या दोन लहान मुली आणि वन्सं. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. एकविसाव्या वर्षी नवरा गेला आणि माहेरी परत आल्या. अंगावर लाल आलवण, केस काढलेले. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या तिशीच्या होत्या, आणि या घरात मला पहिल्यांदा कुणी पोटभर जेवायला आग्रह केला असेल तर तो त्यांनी.

वन्संकडे हातानं चालवायचं शिवणाचं मशीन होतं. त्यांच्या नवऱ्यानं लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आणलेलं. सासरहून परत येताना त्यांनी दागिना मागितला नाही, भांडं मागितलं नाही, हे मशीन तेवढं मागून आणलं. पुढच्या खोलीत खिडकीखाली चटई टाकून त्या दिवसभर शिवत असायच्या. चोळ्या, परकर, मुलींची झबली. आमच्या मागच्या गल्लीत विणकरांची वस्ती होती, घराघरांत माग. तिथल्या तेलुगु बोलणाऱ्या बायका वन्संकडंच चोळ्या शिवायला टाकायच्या. ब्राह्मणांच्या बायका लग्नाकार्याचं कापड द्यायच्या नाहीत, विधवेचा हात नको म्हणून. विणकरणींना त्याचं काही नव्हतं. त्या यायच्या, दारात बसायच्या, माप द्यायच्या, तासभर गप्पा मारायच्या. वन्संच्या आयुष्यात माणूस म्हणून जे काही होतं ते त्या खिडकीखाली होतं. रात्री त्या तिथंच अंथरूण टाकायच्या.

तीच खिडकी कोचाला गेली.

यांनी वन्संना ऊठ असंही म्हटलं नाही. त्याची गरजच पडली नाही. हमाल कोच दारात फिरवत होते तेव्हाच वन्संनी चटई गुंडाळली, मशीन दोन्ही हातांनी पोटाशी धरून उचललं आणि माजघरात नेऊन ठेवलं. संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, इथं तुम्हाला दिसणार कसं? त्या म्हणाल्या, "असू दे वहिनी. पुरुषांच्या बैठकीची खोली आहे ती. मीच आजवर अडवून बसले होते."

मला तेव्हा बोलायला हवं होतं. मी बोलले नाही. नवऱ्याची बढती हुकली त्याच दिवशी त्याच्याशी भांडायचं नाही, एवढं शहाणपण मला शिकवलेलं होतं, आणि त्या शहाणपणाचा मला आज जितका राग येतो तितका कोचाचाही येत नाही.

कोचाला तंबाखूचा वास होता आणि कुत्र्याचा. फटींतून पिवळट केस निघायचे. सासूबाईंनी त्याच्यावर गोमूत्र शिंपडलं, तुळशीचं पाणी शिंपडलं, आणि लांबून सांगितलं की बायकांनी त्याच्यावर बसायचं नाही. बसणार होतं कोण? वैशाखात सोलापूरच्या उन्हात ती मखमल तव्यासारखी तापायची. आत घोड्याचे केस भरलेले होते, ते मखमलीतून वर येऊन टोचायचे. पाहुणे यायचे, कोचाकडं बघायचे, हात फिरवायचे, आणि खाली चटईवर बसून पाठ तेवढी त्याला टेकवायचे. हे रविवारी सकाळी वर्तमानपत्र घेऊन त्याच्यावर बसायचे. ताठ. पाय आखूड करून, कारण आडवं होऊन लांब करायला गेलं तर दुसऱ्या टोकाच्या हाताला लागायचे. कपाळावरनं घाम निथळत असायचा, पण अर्धा तास भरल्याशिवाय उठायचे नाहीत.

महिनाभरात ढेकूण निघाले. चुकांच्या ओळीत, शिवणींत, पायांच्या भेगांत. मुली रात्री खाजवत उठायला लागल्या. मी उकळतं पाणी ओतलं, रॉकेल लावलं, कडुलिंबाचा पाला कोंबला. दर आठवड्याला हे काम. मखमल जागोजागी पांढरी पडली, तेव्हा हे माझ्यावर चिडले, की साहेबाच्या घरात वीस वर्षं टिकलेली वस्तू तू दोन महिन्यांत घालवलीस. मी म्हटलं, साहेबाकडं ही धुवायला चार नोकर होते, तुमच्याकडं मी एक आहे.

घरातून कोच जाणार नाही हे दिसतच होतं. मग मी ठरवलं, आहे त्याचं काहीतरी बरं करायचं. मागच्या गल्लीत एक म्हातारी विणकरीण होती, आम्ही सगळे तिला अम्मा म्हणायचो. तिच्या घरात चादरी विणायचे. मी तिला विचारलं, की एखादी डागी चादर असेल तर दे, कोचाला अभ्रा घालायचा आहे. दुसऱ्याच दिवशी ती दोन चादरी काखेत मारून आली. निळ्या-पांढऱ्या चौकटीच्या. एकीत एक धागा चुकलेला, एवढंच. "डागी हाय, पण लई पक्की हाय," ती म्हणाली. "तुज्या नातवापोतूर टिकंल." पैसे घेईना. वन्संनी तिच्या नातीची झबली शिवून दिली होती, त्यातच आलं म्हणाली.

अभ्रा वन्संनीच शिवला. माजघरात, झरोक्याखाली, मशीन दिवसातून चार वेळा सरकवत. जिकडं उजेडाचा तुकडा जाईल तिकडं त्या जायच्या. मी पुढं बसून मापं घेऊन यायची आणि त्या आत शिवायच्या. अभ्रा चढवला तेव्हा कोच खरोखरच बरा दिसला. टोचायचा थांबला, तापायचा थांबला. हे घरी आले, बघितलं, खूश झाले आणि म्हणाले, आता कुणालाही बोलवायला हरकत नाही.

वन्संनी तो अभ्रा शिवून यांच्या कोचाची शोभा वाढवली, आणि त्या परत अंधारात जाऊन बसल्या. हे माझ्याच कल्पनेनं झालं होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

श्रावण लागला. नागपंचमीच्या आधी विणकरांच्या घरांतून चोळ्यांची एकच घाई असायची. आभाळ आठ दिवस झाकोळलेलं. माजघरात दुपारी दोनलाही दिवा लावावा लागत होता, आणि दिव्याचं तेल जळतं म्हणून वन्संना संकोच वाटायचा. मी लावून यायची, त्या मालवायच्या. पंचमीच्या दोन दिवस आधी मी मागं भांडी घासत होते. मशीनचा आवाज चालू होता आणि मधेच थांबला. हाक नाही, ओरडणं नाही. जरा वेळानं सासूबाई म्हणाल्या, बघ गं, काय झालं.

वन्संच्या डाव्या हाताच्या तर्जनीतून सुई आरपार गेली होती, नखातून. उजव्या हातानं त्यांनी चाक उलटं फिरवायचा प्रयत्न केला होता आणि सुई बोटात मोडली होती. पिवळ्या चोळीवर रक्त. मला बघून त्या म्हणाल्या, "अम्माच्या सुनेची चोळी खराब झाली वहिनी. थंड पाणी आण आधी."

मी त्यांना तशीच हात धरून डॉक्टरांकडे घेऊन गेले. आलवणातली बाई भर रस्त्यानं, आणि मी डोक्यावरचा पदर सांभाळायचं विसरलेली. डॉक्टरांनी चिमट्यानं तुकडा काढला. मग विचारलं, एवढं शिवता तर नीट उजेडात का बसत नाही? वन्संनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

संध्याकाळी हे आले. मी सांगितलं. ते माजघरात गेले, बहिणीचा बांधलेला हात पाहिला, जपत जा म्हणाले, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, की रविवारी नवे हेडक्लार्क चहाला येणार आहेत, बोलावलंय मी, जरा काहीतरी खायला कर.

मी केलं. शंकरपाळे केले, चिवडा केला.

रविवारी चार वाजता ते गृहस्थ आले. यांच्यापेक्षा वयानं लहान, गुटगुटीत, हसऱ्या चेहऱ्याचे. वाईट माणूस नव्हता, हे मला सांगायला हवं. यांनी त्यांना कोचावर बसवलं आणि स्वतः समोर चटईवर बसले. मी माजघराच्या दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी होते. माझ्यामागं वन्सं पडून होत्या, अंगात ताप, बोट सुजून अंगठ्याएवढं झालेलं.

पाहुण्यांनी अभ्र्यावर हात फिरवला, जरा उचलून खालची मखमल पाहिली, आणि मोकळेपणानं हसले. "हा होय. मला वाटलंच. साहेबांनी आधी मला विचारलं होतं, घेऊन जा म्हणून. मी म्हटलं, साहेब, माझ्या घरात जागा कुठं आहे? मागच्या व्हरांड्यात असायचा हा. कुत्रा झोपायचा त्यांचा याच्यावर."

मला यांची पाठ दिसत होती. पाठीवरून काही कळत नाही असं म्हणतात, ते खरं नाही. ती पाठ एकदम लहान झाली. मग यांचाच आवाज आला, नेहमीसारखा, की हो हो, चहा आण गं.

मी चहा नेऊन ठेवला. पाहुणे बराच वेळ बोलत बसले, हेही बोलत होते. पाहुणे गेल्यावर यांनी कपबश्या स्वतः उचलून आत आणून ठेवल्या. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. माझ्या मनात त्यांच्याबद्दल कणव आली, खोटं कशाला बोलू, पण मागून वन्संचं कण्हणं ऐकू आलं आणि ती कणव तिथंच संपली.

मी म्हटलं, "कोच उद्या खिडकीतून हलणार. मशीन पहिल्या जागी जाणार."

ते म्हणाले, "साहेबांनी दिलेली वस्तू आहे."

"साहेबांनी कोच दिला. वन्संचा उजेड द्यायला तो साहेबांचा नव्हता. तुमचाही नव्हता."

सासूबाईंची जपमाळ थांबली. लग्नाला दहा वर्षं झाली होती, मी यांना असं कधी बोलले नव्हते. ते उभे राहिले, खुंटीवरची टोपी घेतली आणि बाहेर निघून गेले. रात्री आले ते न जेवता झोपले.

सोमवारी ते कचेरीत गेल्यावर मी अम्माला बोलावलं. तिच्या दोन सुना आल्या. आम्ही चौघींनी कोच ढकलत आतल्या भिंतीशी आणला. पण तिथं माजघराचं दार. कोच इतका लांब, की त्याचा एक हात दाराच्या अर्ध्यात यायचा, माणूस आतबाहेर करू शकेना. इकडून लावून पाहिला, तिकडून लावून पाहिला. शेवटी मी अम्माच्या सुनेला पाठवून सुताराला आणवलं.

सुतारानं कोचाभोवती दोन फेऱ्या मारल्या. पायांवरचं नक्षीकाम बोटानं चाचपलं. म्हणाला, "शिसवी हाय बाई. हात कापला तर कोच लंगडा दिसंल की. मालकांना इचारलंय न्हवं?"

मी म्हटलं, मालकांना मी सांगेन, तुम्ही कापा.

त्याला ते पटलं नव्हतं. पण अम्मा त्याला तिच्या भाषेत आणि अर्ध्या मराठीत काहीतरी बोलली, त्यात वन्संच्या बोटाचं सांगणं होतं एवढं मला कळलं, आणि त्यानं करवत काढली. लाकूड चिवट होतं. अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात माझ्या मनात भीती आली नाही. मला वाटत होतं, आणखी कापावा. हात पडला तेव्हा आतून घोड्याच्या केसांचा बुचका बाहेर आला आणि सासूबाईंनी नाकाला पदर लावला. कापल्या जागी सुतारानं फळी ठोकून दिली, वर मी अभ्रा ओढून शिवून टाकला. दार मोकळं झालं. खिडकी मोकळी झाली. मी मशीन उचलून खिडकीखाली ठेवलं आणि चटई टाकली. वन्सं तापात होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "वहिनी, हे काय करून बसलीस." मग तोंड भिंतीकडं केलं. त्या रडत होत्या का, मी बघितलं नाही.

हे संध्याकाळी आले. दारातच थांबले. कोचाकडं पाहिलं, कोपऱ्यात उभ्या केलेल्या त्या कापलेल्या हाताकडं पाहिलं. मी समोरच उभी होते. मारतील असं वाटलं होतं, आणि मारलं तर काय बोलायचं ते मी दिवसभर मनात जुळवून ठेवलं होतं. त्यांनी चपला काढल्या आणि ते आत गेले. त्यानंतर पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. हवं-नको ते सासूबाईंमार्फत. मीही बोलले नाही.

वन्संचं बोट महिन्याभरानं भरलं, पण ते पुन्हा वाकलं नाही. पुढं त्या मधल्या बोटानं कापड सरकवायला शिकल्या. पूर्वी दिवसाला तीन चोळ्या व्हायच्या, आता दीड. बारीक काम त्यांनी सोडूनच दिलं.

कोचाचं मात्र बरं झालं. एक हात गेल्यामुळं तो दिवाणासारखा झाला, आणि एका रविवारी दुपारी मी पाहिलं, हे त्याच्यावर पाय लांब करून घोरत होते. इतके महिने ताठ बसणारा माणूस. दुपारी पुरुष घरात नसताना विणकरणी माप द्यायला यायच्या त्या सरळ कोचावर बसायच्या, त्यांना सासूबाईंचा नियम कुणी सांगितलाच नव्हता. मग गल्लीतल्या बाकीच्याही बसायला लागल्या. माझ्या मुलींचे अभ्यास त्याच्यावर झाले. दोघींची बाळंतपणं झाली तेव्हा नातवंडं त्याच्यावर निजली, आणि अम्माची चादर तेव्हाही शाबूत होती. वन्सं मात्र त्याच्यावर कधीच बसल्या नाहीत. मी हाताला धरून ओढलं तरी नाही.

यांना हेडक्लार्कची जागा मिळालीच नाही. पंचावन्नाव्या वर्षी कारकून म्हणूनच ते निवृत्त झाले. त्यानंतरच्या एका दुपारी ते कोचावर पडले होते आणि मी जवळ बसून तांदूळ निवडत होते. काही कारण नसताना ते म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. साहेब हा देत होते तेव्हाच. मागच्या व्हरांड्यातला आहे, कुत्र्याचा आहे, सगळं दिसत होतं."

मी निवडायची थांबले. विचारलं, मग आणला कशाला?

"जागा गेली होती. रिकाम्या हातानं घरी कसा येऊ?"

त्यांना वाटलं असेल, हे ऐकून माझं मन विरघळेल. दुसऱ्या कुणाचं विरघळलंही असतं. मला उलट इतका राग आला, की सूप बाजूला ठेवावं लागलं. इतकी वर्षं मी समजत होते, की या माणसाला कळलं नाही. साहेबानं फसवलं, भोळा होता, भुलला. न कळून झालेलं मी कधीच माफ केलं होतं. आणि त्यांना कळलं होतं. कळून सवरून त्यांनी ती वस्तू घरात आणली, आणि ती ठेवायला जागा हवी म्हणून घरात सगळ्यांत कमी जिचा आवाज, तिला उठू दिलं. त्यांच्या अपमानाला बसायला जागा लागत होती, ती वन्संची दिली.

मी हे त्यांना बोलून दाखवलं. ते छताकडं बघत राहिले. म्हणाले, "खरं आहे."

मी उठून खिडकीशी गेले. वन्सं शिवत होत्या. आता साठीच्या पुढं गेलेल्या, चष्मा नाकावर घसरलेला. सगळं त्यांना ऐकू आलं असणारच, खोली ती केवढी. मी म्हटलं, ऐकलंत? त्यांनी चाक थांबवलं नाही.

"आता राग कशाला करतेस वहिनी," त्या म्हणाल्या. "झालं ते झालं. ती कात्री दे इकडं."

मी कात्री दिली. पण राग कशाला, हे मला कुणी विचारू नये. वन्संनी स्वतःसाठी राग कधी केला नाही. त्या घरात तो कुणीतरी करायला हवा होता, आणि मी तो फार उशिरा केला.